आमच्या सोसायटीतला फुल स्टॅक

शीव हे डॉक्टरांचं गाव. लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ असल्यामुळे दर दुसऱ्या इमारतीवर कोणा ना कोणा एमडीची पाटी लटकलेली. पण भाच्याला सर्जन व्हायचंय म्हणून 'जरा पाच मिनिटं बोला हो त्याच्याशी' असं कोणी त्या डॉक्टरांना म्हणत नाही. सॉफ्टवेअरवाल्याच्या दारात मात्र चपला कमी होत नाहीत. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षातला मुलगा, सोबत त्याची आई, आईच्या हातात डबा, आणि मुलाच्या चेहऱ्यावर 'मला इथे का आणलंय' हा भाव. या धंद्यात केस पांढरे झाल्यामुळे सोसायटीने मला परस्पर मार्गदर्शक नेमलंय. मानधन डब्यात असेल ते.

मी तोंड उघडायच्या आत सल्ला सुरू होतो, तो तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकांचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काका संगणक नको म्हणून गेट मीटिंगला घोषणा द्यायचे. १९८३ मध्ये बँका आणि संघटना यांचा करार झाला, यंत्रं आत आली, आणि ज्या काकांची नोकरी ती यंत्रं खाणार होती ते पुढे मॅनेजर होऊन सन्मानाने निवृत्त झाले. तेव्हापासून ते संगणकाचे कट्टर भक्त. मेहुण्याला त्यांनी कोबोल करायला लावलं, पुतण्याला जावा, मुलीला टेस्टिंग. वर्तमानपत्राच्या पुरवणीत एखादी गोष्ट आली की काका हलतात. म्हणजे तोवर ती लाट ओसरायला लागलेली असते. सध्या पुरवणीत एआय आहे.

"आता एआयच सगळं लिहिणार म्हणे. मग ह्याने करायचं काय?" मुलाच्या आईंनी विचारलं.

प्रश्न रास्त आहे, नवा नाही. १९५७ मध्ये आयबीएमने फोरट्रान आणलं तेच 'ऑटोमॅटिक कोडिंग सिस्टिम' म्हणून. मग कोबोल आलं. ते इंग्रजीच्या जवळ ठेवलं, म्हणजे साहेबालाही वाचता यावं. साहेबाने काही वाचलं नाही. पुढे १९६८ साली मुंबईत टीसीएस सुरू झाली, १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ आलं, आणि प्रोग्रामर संपायच्या ऐवजी लोकलच भरत गेल्या. तरी या वेळचं प्रकरण थोडं निराळं आहे, हे मी आयांपासून लपवत नाही. नवशिक्याला पहिल्या वर्षी जी किरकोळ कामं देत, नेमकी तीच हे यंत्र झटक्यात करतं. लिहिणं स्वस्त झालंय. लिहिलेलं वाचून 'इथे गडबड आहे' म्हणणारा माणूस महागलाय. आणि कॉलेजात शिकवतात ते फक्त लिहायला.

मुलाचा रेझ्युमे पाहिला. रिॲक्ट, नोड, डॉकर, कुबरनेटिस, ब्लॉकचेन. वर ठळक अक्षरांत 'फुल स्टॅक डेव्हलपर'.

"दुसऱ्याने लिहिलेला कोड कधी वाचलायस?"

"दुसऱ्याचा? तो कशाला?"

मी त्याला शीव स्टेशनलगतचा पूल आठवायला सांगितला. १९१२ चा. त्याच्या नावाने बोटं मोडल्याशिवाय धारावीकडे कोणी गेलं नाही. तो धोकादायक झाल्याचा अहवाल आला, शिवाय रेल्वेच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेला खाली जागा हवी होती, म्हणून पाडायचं ठरलं. तारीख पडली. मग बोर्डाच्या परीक्षा आल्या. मग लोकसभा आली. अखेर १ ऑगस्ट २०२४ ला वाहतूक बंद झाली, आणि तेव्हा कळलं की त्या मोडक्या पुलावरून कोण कोण जात होतं: ॲम्ब्युलन्स, शाळेच्या बस, बीकेसीचे साहेब, धारावीतला माल. बरं, पाडायचा तरी कसा? खालून गाड्या चालूच!

"नोकरीत तुला हाच पूल मिळणार आहे," मी म्हणालो. "कोरी जमीन कोणी देत नाही. १९९८ साली कोणीतरी लिहून ठेवलेलं काहीतरी, वर 'हात लावू नये' अशी कॉमेंट, आणि लिहिणारा आता ऑस्ट्रेलियात. नवा पोरगा येतो, म्हणतो ही काय घाण, आणि शुक्रवारी संध्याकाळी चार ओळी उडवतो. शनिवारी पहाटे फोन येतो की त्यावरून ॲम्ब्युलन्स जात होती."

मुलगा पहिल्यांदा हसला. आई हसल्या नाहीत. पूल बंद झाल्यापासून बसला पडणारा वळसा हा त्यांचा दुखरा विषय होता.

मग थोडं कामाचं बोललो. एरर आली की आधी ती वाच, शेवटपर्यंत. अर्धा तास स्वतः झगड, मग विचार, आणि विचारताना काय काय करून पाहिलंस तेही सांग. तीन दिवस 'चालू आहे' म्हणत गप्प बसणारा मुलगा टीम लीडचं रक्त आटवतो. गिटमध्ये 'फायनल', 'फायनल २', 'आता खरंच फायनल' अशा कमिट टाकू नकोस.

आईंना यातलं काही नको होतं, पॅकेज हवं होतं. साडेतीन लाख भागिले बारा, हे गणित सोसायटीत सगळ्यांना येतं आणि सगळ्यांचं चुकतं. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटी धरलेली असते, विम्याचा हप्ता असतो, आणि 'व्हेरिएबल' नावाची एक रक्कम असते, जी नावाला जागते. उरलेल्यातून स्वतःचा पीएफ जातो आणि महाराष्ट्र सरकारचा व्यवसाय कर, महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. मी कागदावर शेवटचा आकडा काढला. काका वाकून म्हणाले, "एवढं तर माझं पेन्शन आहे!" निवृत्तीनंतर त्यांना इतकं समाधान क्वचितच मिळालं असेल.

उरलेलं शिक्षण शीव सर्कलला फुकट मिळतं. रविवारी संध्याकाळी पुण्याच्या बसची वाट पाहत हिंजवडीची पोरं उभी असतात. पाठीवर लॅपटॉप, हातात घरच्या डब्यांची पिशवी. कोण बेंचवर बसलाय, कोणाला प्रोजेक्टमधून सोडत नाहीत, नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल तर दुसरी कंपनी थांबते का, बॉण्डची रक्कम खरंच मागतात का, हे सगळं तिथे उघड्यावर चालतं. मी मुलाला तिथे नुसतं उभं राहायला धाडलं. तो ऐकून परत आला तो जरा पडलेल्या चेहऱ्यानेच.

"काका, ब्लॉकचेनचं कोणी नावच काढलं नाही."

पुढे त्याला ऐरोलीत नोकरी लागली. पहिले काही आठवडे एका फॉर्मवरच्या पिनकोडच्या चौकटीत गेले. "चार वर्षं शिकून पिनकोड?" असं बँकवाल्या काकांनी जिन्यात सगळ्यांना विचारून झालं. मग एका रविवारी काकांचा प्रिंटर बंद पडला. सॉफ्टवेअरवाल्याला प्रिंटर दुरुस्त करता येतो यावर सोसायटीत एकमत असल्यामुळे आम्हा दोघांनाही बोलावणं आलं.

"व्हायरस असणार," काका म्हणाले. "नाहीतर ते एआय."

"स्क्रीनवर काय आलं होतं, काका?" मुलाने विचारलं.

"आलं होतं काहीतरी इंग्रजीत. मी ओके करून टाकलं."

मुलाने पुन्हा प्रिंट दिली, आलेली ओळ शेवटपर्यंत वाचली, उठला, कपाटावरचा कागदांचा गठ्ठा काढला आणि ट्रेमध्ये भरला. पेन्शनची स्लिप सुळ्ळकन बाहेर आली.

काका माझ्याकडे वळले. "बघितलंस? ह्याला म्हणतात फुल स्टॅक!"