शतपावलीची राजधानी

रात्रीचे जेवण आणि शतपावली, दोन्ही एकाच फेरीत उरकायचे असतील तर परगावच्या पाहुण्याने छत्रपती संभाजीनगरातच यावे. चालण्याची परंपरा इथे जुनी. महंमद तुघलकाने १३२७च्या सुमारास दिल्लीकरांना थेट शेजारच्या दौलताबादपर्यंत चालवले. इथला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, हाही त्याच्याच फौजेबरोबर आला, असे सांगतात. म्हणजे तेव्हा आधी पायपीट, मग जेवण.

आधुनिक नियोजनाने हा क्रम सुधारला आहे. नान-खलिया रिचवून गुलमंडीच्या बाजाराकडे वळावे. पदपथावर दुचाकी आणि हातगाड्या निवांत विसावलेल्या असतात. त्यांची झोपमोड नको म्हणून पादचाऱ्याला भर रस्ता मोकळा ठेवला आहे. मागून रिक्षाचा हॉर्न वाजला की पावले आपोआप झपझप पडतात आणि पचन सुधारते.

ही योजना आता कायद्यात बसवावी. पदपथ रीतसर वाहनांच्या नावे करावेत आणि त्यावर चढणाऱ्या पादचाऱ्याला टोइंगच्या गाडीने उचलून न्यावे.

एकटे पडू, ही भीती पाहुण्याने बाळगू नये. शंभर पावले पुरी होण्याआधीच कुणीतरी दुचाकीवाला थांबून कळवळ्याने विचारतो, "भाऊ, गाडी बंद पडली का?"