चित्रमालेचे कारभारी

घरात कुणाची एकसष्टी, पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन निघाले, की गुरुजी ठरविणे, हॉल ठरविणे आणि जेवणात मठ्ठा असावा की सोलकढी यावर दोन पात्यांत कडाक्याचे मतभेद होणे, ही कामे यथाक्रम उरकल्यावर कुणीतरी 'जुन्या फोटोंचा एक स्लाइड शो करू या' असे म्हणते. आणि ते वाक्य पुरे होण्यापूर्वीच ज्यांचा कपाळावरचा चष्मा नाकावर उतरतो, ज्यांच्या खिशातले पेन बाहेर येते आणि 'ते माझ्याकडे लागलं' असे जे जमलेल्या मंडळींस अभय देतात, ते गृहस्थ म्हणजे चित्रमालेचे कारभारी. प्रत्येक कुळात ते एक तरी असतातच. ते बहुधा कुणाचे तरी काका असतात. पाटबंधारे, विमा किंवा बँक यांपैकी एखाद्या खात्यातून सन्मानपूर्वक निवृत्त झालेले असतात. आणि संगणक ही विद्या त्यांनी ऐन पन्नाशीत, खात्याच्या खर्चाने परंतु स्वतःच्या हौसेने संपादन केलेली असते.

फोटो जमवावेत, क्रमाने लावावेत, मागे एखादे गाणे घालावे आणि मोकळे व्हावे, अशी या उद्योगाविषयी आपणासारख्यांची कल्पना. कारभाऱ्यांना ती बालिश वाटते. त्यांच्या मते मूळ प्रश्न सॉफ्टवेअरचा. तो निकालात निघाल्याखेरीज फोटोंना हात लावणे म्हणजे सात-बारा न पाहता घर बांधायला काढणे होय. म्हणून सर्वप्रथम एक्सेलमध्ये तुलनात्मक तक्ता तयार होतो. ज्या माणसाने उभी हयात निविदा उघडण्यात आणि त्यांतल्या बऱ्याचशा तांत्रिक मुद्द्यावर नामंजूर करण्यात घालविली, त्याच्या हाताला तक्त्याची लागलेली गोडी निवृत्तिवेतन सुरू झाले म्हणून सुटत नाही. डावीकडे उमेदवारांची नावे. वर किंमत, मुदत, गाण्याची सोय, मराठी अक्षरे असे रकाने. आणि सर्वांत रुंद रकाना शेऱ्याचा. त्यात 'ठीक, परंतु भरवसा वाटत नाही', 'पुनर्विचारार्थ', 'चिरंजीवांशी बोलावे' अशा नोंदी होत जातात, आणि चिरंजीव परदेशी असल्याने व तिकडे ती वेळ झोपेची असल्याने त्या नोंदी कायम राहतात.

विषयाला हात घालायचा तर मुळापासून घालावा, हा कारभाऱ्यांचा शिरस्ता आहे. त्यामुळे कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले, असे विचारणाऱ्याला आधी कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांपर्यंत जावे लागते. या पटवर्धनांनी 1892 च्या सुमारास हाताने रंगविलेल्या काचा जादूच्या कंदिलापुढे धरून 'शांबरिक खरोलिका' नावाने खेळ केले, म्हणजे चलच्चित्रे इकडे यायच्या आधीच पौराणिक चित्रे पडद्यावर हलती करून दाखविली, ही हकीकत खरोखरच ऐकण्यासारखी आहे आणि कारभारी ती सांगतातही छान. तेथून ते कोडॅकच्या 1961 च्या कॅरूसेल प्रोजेक्टरवर येतात: ती गोल चकती, तिच्यातल्या ऐंशी खाचा, प्रत्येक खाचेत उलटी घालायची पारदर्शिका, आणि पुढचे चित्र पडताना होणारा तो 'खटक्' आवाज. खात्यातले एक कार्यकारी अभियंता काश्मीरला जाऊन आले असता त्यांच्या बंगल्यावर कनिष्ठांना याच यंत्रावर दल सरोवर सक्तीने दाखविण्यात आले होते. कोडॅकने ही यंत्रे करणे 2004 मध्ये थांबविले हे सांगताना कारभाऱ्यांचा स्वर किंचित खाली येतो. परंतु लगेच ते सावरतात, कारण 1987 साली मॅकिंटॉशवर अवतरलेले पॉवरपॉइंट आणि ते करणारी फोरथॉट ही कंपनी त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 1 कोटी 40 लक्ष डॉलरना घेतल्याचा तपशील अजून सांगायचा उरलेला असतो. विचारणारा एव्हाना चहाचा कप विसळायच्या निमित्ताने आत गेलेला असतो.

पॉवरपॉइंट मात्र ते घेणार नाहीत. ते ऑफिसचे, त्यावर पाणीपट्टीच्या वसुलीचे आलेख दाखवावेत, वडीलधाऱ्यांचे मुखकमल दाखवू नये, असे त्यांचे स्पष्ट मत आहे. बाकीच्यांचा इतिहास थोडा करुण आहे, कारण ज्या सॉफ्टवेअरवर कारभाऱ्यांची मर्जी बसली, त्यावरून ते चालविणाऱ्यांची उतरली, असा योग वारंवार आला. एका पुतणीच्या लग्नासाठी त्यांनी पिकासा पक्के केले, तर 2016 मध्ये गूगलने ते बंद केले. मग विंडोजबरोबर 2000 सालापासून मिळत आलेल्या मूव्ही मेकरकडे ते वळले. जानेवारी 2017 मध्ये त्याचाही निकाल लागला. पुढे कुणाच्या तरी शिफारशीवरून प्रोशोचा अभ्यास आरंभिला, तर 2020 च्या जानेवारीअखेर फोटोडेक्स ही कंपनीच आटोपली. तक्त्यातील या तीन नावांपुढे आता 'कै.' असे लिहिलेले आहे. इरफानव्ह्यूविषयी त्यांना आदर वाटतो, कारण इरफान श्किल्यान या बोस्नियन गृहस्थाने 1996 पासून ते एकहाती चालविले आहे आणि घरगुती वापरास ते विनामूल्य आहे. परंतु जे फुकट असते त्याची पावती मिळत नाही, आणि पावतीवाचून दप्तर पुरे होत नाही. इंग्लंडातील छायाचित्र-मंडळांत मान्यता पावलेले पिक्चर्स-टू-एक्झी त्यांनी रीतसर पैसे भरून घेतलेही होते. त्यातून निघालेली चित्रमाला फोनवर उघडत नाही असे भाचीने दाखविले, तेव्हा 'चित्रमाला ही फोनवर पाहण्याची वस्तूच नव्हे' असा निवाडा त्यांनी दिला, आणि तो देताना तिचाच फोन त्यांच्या हातात होता.

मध्यंतरी दाविंची रिझॉल्व्हचे पर्व येऊन गेले. चित्रपटांचे रंग सुधारण्यासाठी व्यावसायिक लोक वापरतात ते हे सॉफ्टवेअर. त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते, आणि ती सुरू झाली की घरातल्या संगणकाचा पंखा दळपाच्या गिरणीसारखा वाजू लागतो. कारभाऱ्यांनी रंगसंस्कार ही कला त्यावर मोठ्या निष्ठेने आत्मसात केली. फोटो सगळे कृष्णधवल होते.

परंतु ज्या एका गोष्टीने त्यांची झोप खरोखर उडविली, तिचे नाव केन बर्न्स. अमेरिकन यादवी युद्धावरील आपल्या 1990 च्या माहितीपटमालिकेत या दिग्दर्शकाने जुन्या स्थिर छायाचित्रांवरून कॅमेरा सावकाश फिरविला, एखाद्या चेहऱ्यापाशी नेला, चेहऱ्यावरून मागे घेतला, आणि निर्जीव कागदाचा श्वास चालू असल्याचा भास निर्माण केला. पुढे अ‍ॅपलने आयमूव्हीत ती युक्ती त्याच्याच नावाने घातली. (1957 सालच्या 'सिटी ऑफ गोल्ड' या कॅनेडियन अनुबोधपटात ती आधीच होती, हे कारभारी सांगितल्याशिवाय राहत नाहीत.) ही हालचाल सॉफ्टवेअर आपल्या बुद्धीने करते, आणि सॉफ्टवेअरला नातीगोती कळत नाहीत. वाड्याच्या अंगणात काढलेला तो जुना समूहफोटो घ्या. मधोमध खुर्चीवर आजोबा, हातात काठी. शेजारी नऊवारीत आजी. मागे फेटे, टोप्या आणि एक बोडके डोके. पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली पोरे, त्यांतले एक हललेले, म्हणून त्याला दोन नाके. या फोटोवर बर्न्ससाहेबांची कळ दाबली, की चौकट ऐटीत पुढे सरकू लागते, आजोबांच्या पगडीचा वरचा भाग छाटते, आजींना अर्ध्यात सोडते आणि अखेर डाव्या कोपऱ्यातील तुळशीच्या कुंडीवर येऊन अत्यंत भावपूर्ण रीतीने स्थिर होते.

ते हाताने बदलता येते. चौकट कुठे सुरू व्हावी आणि कुठे थांबावी, हे माउसने ओढून सांगता येते, हे कारभाऱ्यांना सगळ्यांआधी ठाऊक होते. पण कुठे थांबावी? आजोबांवर थांबावी, तर धाकट्या पातीचे म्हणणे असे की घर आजींनी चालविले. थोरल्या काकांवर थांबविली, तर जमिनीच्या दाव्यात समोरच्या बाजूने उभ्या राहिलेल्या आत्या जेवणाला थांबणार नाहीत. एका जावयांचे नाते कायद्याने संपुष्टात आलेले आहे, परंतु 1980 नंतरच्या प्रत्येक फोटोत ते हसतमुखाने मध्यभागी उभे आहेत, कारण त्या काळी घरात कॅमेरा त्यांचाच होता आणि स्वयंचलित कळ दाबून धावत येऊन मध्ये उभे राहण्याची कला केवळ त्यांना अवगत होती. त्यांना कातरावे, तर दोन्ही बाजूंच्या माणसांचे खांदे जातात. कारभाऱ्यांच्या संशोधनाचे रहस्य माझ्या मते येथे आहे. सॉफ्टवेअर नाकारले तर ते रुसत नाही, त्याच्या माहेरचे लोक फोन करीत नाहीत, आणि त्याच्यापुढे 'पुनर्विचारार्थ' असा शेरा मारला तरी ते पुढच्या कार्याला येते. माणसांच्या बाबतीत ही सवलत नाही. अशा स्थितीत जो शहाणा मनुष्य फोटोंची निवड तहकूब करून सॉफ्टवेअरची निवड चालू ठेवतो, त्याला दिरंगाईखोर म्हणणारे लोक एकत्र कुटुंबात वाढलेले नसावेत.

अडचणीही वेळेवर धावून येतात. शीर्षक लिहायला घेतले, की 'सहस्रचंद्रदर्शन' या शब्दातली जोडाक्षरे विस्कटून पाय मोडलेली अक्षरे स्वतंत्र उभी राहतात आणि ऱ्हस्व वेलांटी आपले अक्षर सोडून शेजारणीच्या गळ्यात पडते. मग ते वर्डमध्ये टंकून त्याचेच चित्र काढून चिकटवावे लागते. उभा फोटो आडव्या पडद्यावर घातला, तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि मंगल कार्यात काळे नको म्हणून ते केशरी करावे लागतात. तीनशे फोटो दर पाच सेकंदांनी दाखविले, तर पंचवीस मिनिटे होतात. तेवढ्यात पहिली पंगत उठते.

इकडे काकू रोज दुपारी झाकपाक झाल्यावर डायनिंग टेबलाशी बसतात. जुन्या अल्बमच्या काळ्या पानांवरचे त्रिकोणी कोपरे नखाने अलगद उकलतात, फोटो पालथा करतात आणि पाठीवर पेन्सिलीने, उमटेल पण दाबली जाणार नाही अशा बेताने, कोण कोण आहे ते लिहितात. हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. कारभारी तिसऱ्यांदा चहा मागायला आले, की त्या मान वर न करता म्हणतात, "अहो, मामंजींचे हजार चंद्र बघून झाले, तुमचं एक सॉफ्टवेअर होईना."

ते झाले आदल्या रात्री. शेवटच्या घटकेस कारभाऱ्यांनी एक नवेच सॉफ्टवेअर कायम केले आणि पहाटे चित्रमाला सिद्ध झाली. परंतु ते चाचणीपुरतेच मिळालेले असल्यामुळे प्रत्येक पूर्वजाच्या छातीवर आडवी, 'विकत घ्या' अशा आशयाची इंग्रजी पाटी उमटलेली निघाली. दुरुस्तीला वेळ नव्हता. भाचीने स्कॅन केलेले सगळे फोटो होते तसे पेन ड्राइव्हवर घातले आणि हॉलमधल्या पोऱ्याने तो भिंतीवरच्या टीव्हीला मागून खुपसला. टीव्हीने कुणाचेही मत न विचारता फोटो एकामागून एक दाखवायला सुरुवात केली. त्याला मोजणी अक्षरांच्या हिशेबाने येत असल्यामुळे 'स्कॅन 1' नंतर 'स्कॅन 10' आणि त्यामागून 'स्कॅन 100' लागला. परिणामी उत्सवमूर्ती बारशातून थेट सेवानिवृत्तीत गेले आणि तेथून मुंजीला परत आले. कातरलेले कोणीच नव्हते. ते जावई तर आलेच, आत्याही आल्या, आणि दर वेळी आत्या पडद्यावर आल्या की त्या स्वतःच मोठ्याने 'ही मी' म्हणत होत्या. पंगत खोळंबली, मठ्ठा कोमट झाला, तरी कुणी उठेना.

कारभारी मागच्या खुर्चीवर बराच वेळ हाताची घडी घालून बसले होते. मग ते उठून टीव्हीच्या मागे गेले, वाकले, चष्मा कपाळावर चढविला आणि खिशातल्या वहीत कंपनीचे नाव व मॉडेलचा क्रमांक उतरून घेऊ लागले. "बाळा," त्यांनी पोऱ्याला हळूच विचारले, "यात दोन फोटोंच्या मध्ये पहिला विरघळत दुसरा येतो, तशी काही सोय आहे का रे?"