वटवाघळाची सही

जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये संरक्षित यादीतल्या घराची खिडकी बदलायची, तर आधी स्मारक खात्याची परवानगी काढावी लागते. खात्याची नजर तीक्ष्ण आहे, यात शंका नाही. फक्त तिचा आवाका खिडकीएवढाच. त्या खिडकीतून दिसणाऱ्या एल्ब नदीवर 636 मीटरचा चौपदरी पूल येत असेल, तर ती फाइल दुसऱ्या टेबलावरची. एल्बच्या खोऱ्याचा सुमारे 18 किलोमीटरचा पट्टा 2004 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. पुढच्याच फेब्रुवारीत नागरिकांनी याच वाल्डश्लोसशेन पुलाला सुमारे 68 टक्के मतांनी होकार दिला. 2006 मध्ये युनेस्कोने धोक्याचा शेरा मारताच नगरसभा कचरली, तर वरच्या सरकारी कार्यालयाने तिला बाजूला सारून कामाचे ठेके देऊन टाकले. वारशाची काळजी वाहणारे सगळेच होते, पण हातात दोरी कोणाच्याच नव्हती.

दोरी निघाली एका वटवाघळाच्या हातात. 2007 च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने काम थांबवले, ते घोड्याच्या नालासारखे नाक असलेल्या चिमुकल्या जातीसाठी. का, तर वटवाघूळ युरोपच्या कायद्यात आहे आणि नदीचा देखावा नुसत्या मानपत्रात. नोव्हेंबरात वरच्या न्यायालयाने बंदी उठवली, तरी उबदार महिन्यांतल्या रात्रींसाठी पुलावर ताशी 30 किलोमीटरची मर्यादा घालावीच लागली. युनेस्कोच्या वाट्याला एवढे गतिरोधकसुद्धा आले नाहीत. तिने 2009 मध्ये नाव खोडले, 2013 मध्ये पूल खुला झाला.

लोकांनीच कौल दिला, मग कुरकुर कसली, असे कोणी विचारील. कौल खरा, पण मतपत्रिकेवर पूल होता, त्याची किंमत नव्हती. भुयारी मार्गाचा पर्यायही नव्हता. युनेस्कोला पूल आधीच ठाऊक होता, हा आक्षेप जास्त टोकदार आहे. होता खरा, पण तिच्या सल्लागारांच्या अहवालात तो शहराच्या भलत्याच अंगाला, प्रवाहाच्या खालच्या बाजूला गेला होता. म्हणजे नकाशा न पाहता सही करणे ही काही फक्त आपल्याच नगरपालिकांची मिरासदारी नव्हे.

2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले त्याच यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रात. सत्कार, फलक, ढोल-ताशे सगळे झाले. आता गडांवरच्या कोठारांतली वटवाघळे एकदा मोजून ठेवावीत, आणि जात कोणती तेही स्वच्छ अक्षरात लिहावे.