राउटरला वारा घालणारे आप्पा

जळगावात चैत्र लागला की घरोघरी कूलरचं गवत बदलतात, वाळ्याचे पडदे भिजतात आणि कॉलनीतले आप्पा स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागतात. आप्पा एमएसईबीतून निवृत्त. 2005 साली तिचं महावितरण झालं, पण आप्पांचं सगळं अजून एमएसईबीतच आहे. खिशात टेस्टर, गळ्यात ओला रुमाल. नातवाच्या कपाळाला हात लावून ताप बघायचं काम काकूंचं. आप्पा हात लावतात तो राउटरच्या पाठीला. "तपी गया ना भो!" असं जाहीर करून ते तपासणीसाठी बटण बंद करतात. नातवाची मॅच तिथेच आटोपते.

आप्पांना हसावं तर पंचाईत अशी की त्यांचं चुकत नाही. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान साधारण 0 ते 40 अंश दिलेलं असतं. ते लिहिणारा मे महिन्यात भुसावळ स्टेशनावर दुपारी उतरलेला नसावा. इथं पारा 45च्या वर जातो, वरच्या मजल्याचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत निवत नाही, आणि नेट जोडायला आलेल्या पोरानं वायर वाचवायला राउटर नेमका छताला चिकटून ठोकलेला. आतली चिप तापली की वेग उतरतो, कधी डबी आपली आपणच बंद होऊन पुन्हा सुरू होते. धाब्याच्या घरात असं झालं नसतं, हे आप्पांचं आवडतं वाक्य. त्या दीड हात जाड मातीच्या भिंतीतून सिग्नल शेजारच्या खोलीतही पोचला नसता, हे ते सांगत नाहीत.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी कूलरचंच तोंड राउटरकडे फिरवलं होतं. दमट वाऱ्यानं पिना गंजायच्या आधी काकूंनी प्रयोग बंद पाडला. मग गोलाणी मार्केटमधून जुन्या कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा आला. तो त्यांनी राउटरच्याच यूएसबीला जोडला. तिथं मिळतात 5 व्होल्ट, त्यामुळे पंखा हळू फिरतो आणि आवाज करत नाही. राउटरच्याच पोटातून वीज काढून राउटरलाच वारा घालायचा, यात आप्पांना जो आनंद झाला तो मुलीचं लग्न ठरल्यावरही दिसला नव्हता. राउटर भिंतीवरून उतरून टेबलावर आला, खाली बाटलीची चार बुचं, कारण हवेला खालून वाट पाहिजे. पंखा दुहेरी चिकटपट्टीनं लावला होता, पण मे महिन्यात ती पट्टीच वितळली. आता तो तारेनं बांधलाय.

खरी लढाई धुळ्याच्या साडूंशी. आप्पा फुंकणारे, साडू ओढणारे. आप्पांच्या मते गार हवा आत ढकलावी. साडूंच्या मते गरम हवा बाहेर खेचावी. हा वाद रोज रात्री व्हिडिओ कॉलवर चालतो, आणि ज्याचा कॉल आधी अडकेल तो हरला. हवेला आत यायला एक आणि बाहेर जायला दुसरी वाट मोकळी असली तर दोघांचंही चालतं, पण हे सांगायला मध्ये पडणाऱ्याला दोघंही चहा विचारत नाहीत. एकदा साडूंचा राउटर बसला. उघडून बघतात तर जवळच्या जिनिंगवरून उडणारा कापूस पंख्यानं इमानदारीनं आत ओढून ठेवलेला. उशीला पुरला असता, असं आप्पा सांगतात. त्यातला निम्मा आप्पांनी घातलेला.

नेट मात्र मधूनमधून जातंच. कोपऱ्यावर गटारीसाठी जेसीबी येतो आणि केबल तोडून जातो. सगळी गल्ली गॅलरीत येऊन कंपनीला शिव्या घालते. आप्पा शांतपणे आत जाऊन हात लावून येतात. "आपला गार आहे," म्हणतात.

परवा डिसेंबरात शेतावर भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती. तिकडं धुळ्यात पारा एक आकडी झालेला, साडू कानटोपी घालून आलेले. कुणीतरी विचारलं, आता तरी पंखे बंद केले ना? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. "बंद कसा करणार? बेअरिंग जाम होईल की!"