असुरराज महाबलासुर यांस खुले पत्र

रायपूर, छत्तीसगड
विषय : ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या गेमचे गुणदोष आणि त्यात असुरपक्षाला मिळालेल्या सवलती.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा ‘राजी’ २०२० साली आधी निन्टेन्डो स्विचवर आणि मग संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर आला. त्याआधी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर मागितलेली लोकवर्गणी जमली नव्हती. त्या वेळी असुरलोकात पेढे वाटले गेले असल्यास ते वाया गेले. गेम पूर्ण झाला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनही मिळवून आला.

कथानक असुरराजांच्या परिचयाचे आहे, त्यातले खलनायक तेच : सर्कशीत वाढलेली राजी, असुरांनी पळवलेला धाकटा भाऊ गोलू आणि त्याच्या शोधात तिने घेतलेली दैवी शस्त्रे. गेमचे खरे बळ मात्र असुरांच्या राहत्या घरात आहे. राजस्थानी वाडे-किल्ल्यांच्या धर्तीवरची ही नगरे, पहाडी लघुचित्रांचे रंग आणि भिंतींवर चितारलेल्या देवकथा इतक्या देखण्या आहेत की खेळणारा लढाई सोडून सज्जे न्याहाळत उभा राहतो. मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांतून उलगडतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांचा खेळ पाहिलेल्याला ते परके वाटणार नाहीत.

असुरपक्षाचा सर्वांत निष्ठावान सेवक म्हणजे कॅमेरा. तो दूर, उंचावर बसतो आणि खेळणाऱ्याच्या हाती येत नाही. त्यामुळे अंतराचा अंदाज चुकून राजी जितक्या वेळा दरीत पडते, तितक्या वेळा तिला पाडणे एकाही राक्षसाला जमलेले नाही. लढायांचीही रीत ठरलेली : अंगण आले, वाटा बंद झाल्या, राक्षस उगवले. त्रिशूळ, धनुष्य, ढाल-तलवार हाताळायला मजा येते, खांबाला गिरकी घेऊन केलेला वारही झोकात बसतो. पण तिसऱ्या अंगणापर्यंत नवल ओसरते.

काही जण याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. असुरराजांनी निर्धास्त असावे. शस्त्रांना अग्नी, हिम वा विजेची शक्ती जोडता येते, हवी तेव्हा बदलताही येते. त्यापलीकडे खेळणाऱ्याला निवड नाही. तह करावा, फितूर व्हावे, वाकडी वाट धरावी, यातले काही शक्य नाही. राजीने काय व्हायचे ते आधीच ठरलेले आहे.

निवेदन दुर्गा आणि विष्णू करतात, आणि जे डोळ्यांना दिसते आहे तेही सांगतात. छत्तीसगडात ही खोड चटकन लक्षात येते. पंडवानीत, म्हणजे इथल्या महाभारतकथेच्या गायनात, तीजनबाईंच्या हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होई, आणि गदा कुठून आली हे कोणी समजावत बसत नसे. त्यातून हे देव सुरुवातीला इंग्रजी बोलत. हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आला. पुण्यात घडलेल्या गेममध्ये मराठी आवाज नाही, ही बाब रायपूरच्या तात्यापाऱ्यातील मराठी घरांनी मनावर घेतलेली नाही. त्यांना सवय आहे.

राहिला शेवट. पाच-सहा तासांत गेम संपतो, आणि नेमकी रंगत वाढत असताना कथा आटोपती घेतली जाते. खलनायकाला पुरेसा वेळच मिळत नाही. एवढ्या एका मुद्द्यावर असुरपक्ष आणि खेळणारे यांची तक्रार एकच आहे. संयुक्त निवेदन देण्यास हरकत नसावी.

प्रत माहितीसाठी : चि. गोलू, मुक्काम असुरलोक.