मांगं कोन आहे?

फुटबॉल खेळलेली माणसं दोन तऱ्हेची असतात. एक, ज्यांनी कधीतरी गोल केला. ही मंडळी तो गोल चाळीस वर्षं सांगतात आणि दर दिवाळीला तो आणखी चार हात लांबून मारलेला असतो. दुसरी, जी मागं उभी राहिली. यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, कारण काहीच न घडणं हाच त्यांचा पराक्रम. म्हणून ही माणसं किस्से सांगत नाहीत, सूचना देतात. माझी आत्या या दुसऱ्या तऱ्हेची.

आत्या मूळची अमरावतीची. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जिथली पोरं देशी खेळ दाखवून आली, त्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात ती शारीरिक शिक्षण शिकली, चार-पाच वर्षं ‘बॅक’ म्हणून खेळली आणि मग अकोल्याच्या एका शाळेत पीटीची मॅडम म्हणून उभा जन्म काढला. निवृत्त झाली, पण गळ्यातली शिटी निघाली नाही. तिच्या उमेदीच्या काळात बायकांचा वर्ल्डकप नव्हताच, तो १९९१ साली सुरू झाला. पण आपल्या मुली १९८० आणि १९८३ अशा दोन आशियाई स्पर्धांत उपविजेत्या होत्या. हे मी कौतुकानं काढलं, की ती म्हणते, “हाव, पन फायनलले गोल खाल्ले नं दोन्ही डाव.”

तिचं आवडतं वाक्य एकच: “मांगं कोन आहे?” लग्नात अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, बँड वाजतो, दीडशे माणसं नवरा-नवरीकडे बघतात. आत्या त्यांच्याकडे पाठ करून उभी असते. दागिन्यांची पिशवी कुणाच्या मांडीवर आहे, आचाऱ्याच्या कढईजवळ कुणाचं पोरगं गेलं, चपलांच्या ढिगाशी तो लाल शर्टवाला कधीपासून का वाकलाय, हे सगळं तिला दिसत असतं. फोटोत ती कधीच नसते. असली तर कोपऱ्यात, आणि बघत असते भलतीकडे. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तिचा एकुलता एक फोटो आहे. त्यात ती बोट दाखवून कुणालातरी गॅसचं सिलिंडर सरकवायला सांगते आहे.

खरी आत्या बघायची असेल तर गणपतीच्या आधी, वर्गणीवाले दारात आल्यावर बघावी. ती दारात सरळ उभी राहत नाही. किंचित तिरकी, एक पाय पुढे, गुडघे जरासे वाकलेले, भार चवड्यांवर. नजर पोरांच्या तोंडाकडे नाही, पावतीपुस्तक ज्याच्या हातात आहे त्याच्या कमरेकडे. (“तोंड खोटं बोलते, पाय खोटे बोलते, कंबर नाही बोलत. जिकडे कंबर तिकडे मानूस.”) पोरं म्हणतात, “आत्याबाई, यंदा पाचशे एक.” आत्या गप्प. पोरं एकमेकांकडे बघतात. “बरं, अडीचशे करा.” आत्या गप्प, फक्त अर्धं पाऊल मागं. पोरं आणखी जवळ येतात, आणि जवळ येता येता भिंतीच्या कोपऱ्यात सापडतात. शेवटी तोच पावतीवाला म्हणतो, “जाऊ द्या, तुमच्या मनानं द्या.” मग आत्या एकशे एक देते, वर सगळ्यांना सरबत पाजते. पोरं आशीर्वाद घेऊन जातात. मला तिनं यामागचं शास्त्र सांगितलं आहे: “पाय टाकू नाही, बापू. जो पह्यले पाय टाकते, तो गेला. आपन फक्त त्याले बाहेरच्या बाजूनं लोटत न्यायचं.”

हेच शास्त्र तिनं माझ्या बहिणीचं स्थळ बघतानाही लावलं. सगळे पोराच्या पॅकेजचं ऐकत होते. आत्या पोराच्या मामाकडे बघत होती. “बॉल पाहू नका, मानूस पाहा,” असं ती माझ्या वडिलांच्या कानात म्हणाली. पुढच्याच बैठकीत मामांनी गाडीचा विषय काढला. आत्यानं तो तिथल्या तिथं असा काही बाहेर टोलवला, की मामा चहाही अर्धा टाकून उठले. बहीण पुढं दुसऱ्या घरी पडली आणि सुखात आहे, पण आत्या अजून त्या घरी गेली की दाराजवळच्या खुर्चीवरच बसते.

फुटबॉलमधल्या तिच्या तक्रारी जुन्या आणि पक्क्या आहेत. बॅकनं पायानं मागं दिलेला चेंडू गोलकीनं हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२ साली आला. आत्याच्या मते तो तिच्यावरचा वैयक्तिक अन्याय आहे. “घरातल्या घरात कोनी कोनाले काही द्यावं, याले काय करायचं त्यात?” असं ती फिफाला अजून विचारते. शून्य-शून्य हा तिचा लाडका निकाल. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रात आशियाई स्पर्धा सुरू झाली, तेव्हा आपल्या संघाचे कोच थॉमस डेनरबी होते. २०११ च्या वर्ल्डकपला स्वीडनच्या मुलींना तिसरा नंबर मिळवून देणारे ते हेच. कॅप्टन आशालता देवी, स्वतः बॅक. इराणशी पहिली मॅच शून्य-शून्य सुटली. सारा देश हळहळला, आत्यानं शिरा केला. मग संघात कोरोना घुसला, पुढच्या मॅचला पुरेशा पोरीच उभ्या राहीनात आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. “एकही गोल न खाता बाहेर!” हे दुःख आहे की अभिमान, ते तिच्या चेहऱ्यावरून मला आजतागायत कळलेलं नाही.

डेनरबींमुळे तिला स्वीडनचा नाद लागला. त्यातूनच २०२३ च्या वर्ल्डकपमध्ये तिला अमांडा इलेस्टेट सापडली. माल्मो, पॉट्सडॅम, बायर्न, पॅरिस असं करत नुकतीच आर्सेनलला पोचलेली उंचीपुरी बॅक. न्यूझीलंडमधल्या मॅची आपल्याकडे भरदिवसा लागायच्या. आत्या मोबाइल वरणाच्या पातेल्याला टेकवून बघायची. “कशी उभी आहे पाह! तिले काही घाई नाही.” आणि अशाच एका मॅचमध्ये, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, ९० व्या मिनिटाला कॉर्नरवर इलेस्टेटनं डोक्यानं गोल ठोकला. स्वीडन जिंकलं. मी टाळ्या पिटल्या. आत्याच्या हातातला डाव थांबला.

“ते तठी काय कराले गेली?”

“आत्या, गोल केला तिनं. जिंकले.”

“ते समजलं मले. मांगं कोन होतं मंग?”

पुढं इटलीविरुद्ध दोन, जपानविरुद्ध एक. चार गोल झाले. स्पर्धेत तिच्यापेक्षा जास्त फक्त जपानच्या मियाझावाचे, पाच. जग म्हणालं, बॅक असावी तर अशी. आत्याची अवस्था मात्र घरातली शहाणीसुरती सून एकाएकी ऑर्केस्ट्रात गायला लागावी तशी झाली. कौतुक वाटे, पण कुणापुढे कबूल करवेना. मी समजावलं, की कॉर्नरला उंच बॅक पुढं जातातच, मागं दोघी-तिघी ठेवूनच जातात. “हाव, मले शिकव तू,” एवढंच म्हणाली.

सेमीफायनल नेमकी १५ ऑगस्टला. झेंडावंदन करून, शाळेतून आणलेला बुंदीचा लाडू ताटलीत तसाच ठेवून आम्ही बसलो. स्पेन एकनं पुढं. ८८ व्या मिनिटाला स्वीडननं बरोबरी केली आणि मी खुर्चीवरून उडालो. पाठीत सणसणीत धपाटा बसला. “बस खाली! गोल केल्यावरची दोन मिनिटं लय वाईट. आता मांगं पाह.” खरंच दुसऱ्याच मिनिटाला स्पेननं कॉर्नर आखूड घेतला, कार्मोनानं लांबून मारला, चेंडू आडव्या दांड्याला लागून आत. आत्या ‘मी म्हटलं होतं’ असं म्हणाली नाही. ती तसं कधीच म्हणत नाही, आणि खरा वैताग त्याचाच येतो. फक्त थोड्या वेळानं विचारलं, “कुठं खेळते ते?” मी सांगितलं, लेफ्ट बॅक. आत्यानं लाडू उचलला, मोडला, परत ठेवला. “आजकाल बॅकायले झालं तरी काय!”

आनंदाचा तिला इतका धसका, की तिच्या सोबत प्रवास करणंही अवघड. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात विक्रम झाला. सगळं वऱ्हाड फुशारलं. मी हौसेनं तिला गाडीत घालून मूर्तिजापूरपर्यंत नेलं. ती सगळा वेळ मागच्या काचेतून बघत होती. “रस्ता चांगला झाला की लोकं समोरच पाह्यतेत. तो ट्रक पाह, किती जवळ आला.”

अजूनही रोज संध्याकाळी ती शाळेच्या मैदानावर असते. सुब्रतो चषकाच्या जिल्हा सामन्यांची तयारी ऐन पावसाळ्यात येते, आणि आपली काळी माती बुटाला अशी धरते की पोट्ट्या दोन किलो ओझं घेऊन पळतात. येणारी प्रत्येक पोट्टी म्हणते, मॅडम, मले फॉरवर्ड खेळवा. आत्या कुणालाच नाही म्हणत नाही. पहिल्या दिवशी खेळ संपल्यावर ती फाटकाशी जाऊन उभी राहते. पोट्ट्या हसत-ढकलत बाहेर पळतात. त्यातली एखादी थांबते, मागं वळते, कुणाची पाण्याची बाटली राहिली का ते बघून येते. आत्या तिचं दप्तर धरते. “हे माही बॅक.” ती पोट्टी पुढं आठ दिवस रडते, आणि मग तिला आवडायला लागतं.

५ जुलै २०२५ ला आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून ऑस्ट्रेलियातल्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. संगीता बासफोरचे दोन गोल, दुसरा ७४ व्या मिनिटाला. मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, गोल तिनं नीट पाहिलेच नाहीत, शेवटची सोळा मिनिटं मात्र उभ्यानं पाहिली.

“आत्या, पोट्ट्या ऑस्ट्रेलियाले जाऊन रायल्या!”

“जातीन नं. पन कॉर्नरले कोन कोनाले धरते, ते ठरवलं का त्यायनं?”