बहात्तरचा माळा

सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यातल्या म्हाताऱ्यांच्या लेखी साल एकच: 1972. त्या दुष्काळात रेशनची तांबडी मिलो आणि कामावरची सुकडी खाऊन दिवस काढलेल्या माणसाला रिकामा डबा बघवत नाही. ज्वारीच्या कणग्या गेल्या. माळ्यावर आता साबण, काडेपेट्या आणि चहापुडे. साबणाला भेगा पडल्या, काड्या सादळल्या, तरी नव्याला हात लावायचा नाही. सून सांगायची, "आत्या, फोन केला की दुकानदार माल घरी पोचवतो." आत्याबाईंचा सवाल तयार, "आन् न्हाई पोचवला तर?" मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि अख्खं घर माळ्याकडे बघू लागलं. तेव्हापासून सून बोलत नाही. वाण्याकडे दोन याद्या जातात. दुसरी तिची.